राजीनाम्यावरची सही

कारखान्याची टाउनशिप, मिसरोदच्या पुढे, भोपाळ
११ जानेवारी १९७८

चि. कमल,

आशीर्वाद. नको असतील तर पाकिटात घालून परत पाठव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. तीन वर्षांत मी तुला किती पत्रं लिहिली आणि तू किती उत्तरं दिलीस, तो विषय आज काढत नाही. आज उत्तरासाठी नाही, कामासाठी लिहिते आहे. काम बाबांचं आहे.

बाबांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला आहे. उजव्या जांघेत मोठी गाठ आहे. तुला त्यांनी हे कळवलेलं नसणार. दर महिन्याला तुला कार्ड टाकतात, पण त्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. आईने लावलेल्या कढीपत्त्याला पानं किती आली आणि मशीन शॉपमध्ये कोण कोणाशी भांडलं. मलाही सांगितलं नव्हतं. मी कारखान्याच्या हॉस्पिटलात नर्स, एकाच घरात आम्ही दोघं राहतो, आणि हा माणूस दोन वर्षं दुखणं लपवतो! टी. टी. नगरच्या कोणा वैद्याकडून पट्टा आणून पँटच्या आत बांधत होते. एकदा तो पट्टा दोरीवर वाळताना मी पाहिला, तर म्हणाले, सायकलचा आहे. सायकलला कमरपट्टा!

शेवटी ओढत डॉक्टर सक्सेनांकडे नेलं. ते म्हणाले, गाठ दाबल्यावर आत जाते आहे तोवर ऑपरेशन साधं आहे. एकदा ती बाहेर अडकून बसली की आतडं काळं पडायला चार-सहा तास पुरतात, मग काही खरं नाही. म्हणून नऊ तारखेला दाखल केलं. रक्त तपासलं, एक्स-रे झाला, एलियम्माने (माझी केरळची मैत्रीण, आम्ही एकाच वॉर्डात असतो) त्यांच्यासाठी खिडकीजवळची कॉट राखून ठेवली. फक्त राजीनाम्यावर सही राहिली होती आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

कागद घेऊन मीच गेले होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं." मला वाटलं, करतील सही. मी दुसऱ्या पेशंटकडे गेले. परत येऊन पाहते तर कॉट रिकामी. हॉस्पिटलचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा अंगात, पिशवी हातात, असे भर दुपारी बाजारातून चालत घरी गेले. टाउनशिपमध्ये दोन दिवस दुसरा विषय नाही.

मी सगळं त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. मुद्दाम लिहिते, कारण तू पहिल्यांदा तेच विचारशील.

राजीनामा दिल्याशिवाय इथले कोणतेच डॉक्टर पुढे जात नाहीत, नियमच आहे. तेव्हा तू बाबांना एक पत्र लिही. माझं ते ऐकत नाहीत, तुझं कायम ऐकत आले आहेत. नुसतं एवढं लिही की वैजू सांगते तशी सही करा.

शनिवारी संक्रांत. दर वर्षी पाकिटातून हलवा पाठवते. या वर्षी पाठवत नाही. तिकडून कधी एक काटा आला नाही, आणि मलाही मान आहे.

वैजू

१९ जानेवारी १९७८

चि. कमल,

तुझं पत्र बाबांना आलेलं दिसत नाही. आलं असेल तर त्यांनी दाखवलेलं नाही.

घरात विचित्र चाललं आहे. बाबा माझ्याशी मोजकं बोलतात. कामावर रजा टाकली आहे आणि दिवसभर अंगणात बसतात. परवापासून स्वतःचा भात स्वतः शिजवून घेतात. मी म्हटलं, बाबा, मी आहे ना. तर म्हणाले, "सवय करून घेतो." काल संध्याकाळी कढीपत्त्याला पाणी घालता घालता म्हणाले, "क्वार्टर काय, शेवटी तुलाच मिळणार आहे. एवढी घाई कशाला?" मी म्हटलं, बाबा, असं अभद्र बोलू नका. तर झारी खाली ठेवून म्हणाले, "अभद्र मी बोलतो की तू?" आणि आत गेले. म्हातारपणी माणसं हळवी होतात असं मी पेशंटच्या नातेवाइकांना रोज सांगते. घरचं माणूस हळवं झालं की तो सल्ला काही कामाचा नाही.

वॉर्डात प्रत्येकाचं वेगळं निदान आहे. डॉक्टर सक्सेनांना खात्री आहे की बाबांना नसबंदीची भीती वाटते. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसांनंतर बेंबीखाली ऑपरेशन म्हटलं की पुरुष पेशंट खिडकीतून उडी मारतात, हे खरं आहे. पण छप्पन्न वर्षांच्या विधुराला त्याचं काय? एलियम्मा म्हणते, भूल देण्याला घाबरले असतील. ती त्यांच्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना करते आहे आणि रोज आपल्याच झाडाचा कढीपत्ता नेते.

शेवटी आमचे वॉर्डाचे क्लार्क रऊफ मियाँ स्वतः घरी आले. जुन्या भोपाळचा माणूस, जिभेवर साखर. हॉस्पिटल उघडलं त्या दिवसापासून सगळे कागद तेच भरून घेतात. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग म्हणाले, "विश्वनाथ भाई, काय कू ज़िद कर रिये हो ख़ाँ? राज़ीनामे पे एक दस्तख़त की तो बात हे. हज़ारों से करवा चुका हूँ में."

बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "हज़ारों से करवाया होगा. मुझसे नहीं होगा." आणि दार उघडून धरलं. चहाचा कप अर्धा होता, कमल. बाबांनी आजवर कोणाला असं दार दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. रऊफ मियाँ बिचारे चपला शोधत बाहेर पडले.

मला लाज कसली वाटते सांगू? आमच्या वॉर्डात मद्रासकडचा वेल्डर आहे, बिहारमधल्या छपऱ्याचा क्रेनवाला आहे, बंगाली ड्राफ्ट्समन आहे, बैतूलच्या जंगलातून आलेले मजूर आहेत. त्यांतल्या निम्म्यांना धड हिंदी येत नाही. ते सगळे मुकाट्याने राजीनामा देतात, आणि सिस्टरचे सख्खे वडील तेवढे पळून जातात. बारा वर्षांत माझ्या कोणा पेशंटने असं केलं नव्हतं.

तू म्हणशील, पेशंट मुकाट्याने सही करतात यात तुझं काय कौतुक. मनातल्या मनात तुझी उत्तरं मीच देत असते, बघ. आईचा विषय मात्र काढू नकोस. तो आत्ता नको.

बाबांना पत्र लिही. गाठ दिवसेंदिवस मोठी होते आहे आणि दाबल्यावर आत जायला वेळ घेते. मला भीती वाटते, कमल. नर्सला जास्त वाटते, कारण तिला पुढचं माहीत असतं.

वैजू

२६ जानेवारी १९७८, सकाळ

कमल,

तुझं कार्ड काल मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि जीव हरखला, वाचेपर्यंत. इथल्या पोस्टमनला मराठी येत नाही हे नशीब.

काल दिवसभर ते उशीखाली ठेवलं होतं. आता बाबा झेंडावंदनाला गेले आहेत, मला सुट्टी आहे, घर रिकामं आहे, म्हणून समोर ठेवून उत्तर लिहिते आहे. तू काय लिहिलंस ते तुला पुन्हा वाचायला देते, म्हणजे तुझं तुलाच कळेल: "बाबांनी कळवलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. तुझ्या दोन्ही पत्रांत तूच लिहिलंस तेव्हा बसला. त्यांच्या नोकरीची पावणेदोन वर्षं राहिली आहेत. आजारी माणसाला कॉटवर गाठून राजीनामा लिहून घ्यायचा आणि क्वार्टर आपल्या नावावर करून घ्यायचं, हे तुला सुचलं तरी कसं? आधी आईला फसवलंस, आता बाबांना."

वा! माझी धाकटी बहीण. लहानपणी तुझ्या वेण्या मी घातल्या, आणि आज क्वार्टरसाठी बापाला देशोधडीला लावणारी मी! दोन खोल्या आणि गळकी मोरी, त्यासाठी! आणि मी लिहिलं म्हणे. कधी लिहिलं? नोकरी सोडा असं मी त्यांना एका शब्दाने म्हटलेलं नाही. मी एवढंच म्हटलं आणि तुलाही एवढंच लिहिलं की ऑपरेशनच्या आधी राजीनाम्यावर सही

कमल, थांब.

वरची ओळ मी पुन्हा वाचली. मग मोठ्याने वाचली.

अगं, राजीनामा म्हणजे ऑपरेशनला संमती दिल्याचा कागद. इंग्रजीत छापलेला असतो. रऊफ मियाँ पहिल्यापासून त्याला राज़ीनामा म्हणतात, म्हणजे पेशंट राज़ी आहे असा कागद. त्यांचं ऐकून सगळा वॉर्ड तसंच म्हणतो. नोकरी सोडायला इथे इस्तीफा म्हणतात. बारा वर्षं मी हा शब्द दिवसातून दहादा वापरते, तो मराठीत काय आहे हे मला ऐकूच येईनासं झालं. आणि त्या दिवशी मी बाबांशी मराठीत बोलले. ज्यांनी आपल्या घरात हिंदी शब्द आला की जेवता जेवता घास थांबवला, त्या बाबांना मी म्हणाले, राजीनाम्यावर सही करा. त्यांनी मराठी ऐकलं. तूही मराठीच वाचलंस.

सवय करून घेतो म्हणाले. क्वार्टर तुलाच मिळणार म्हणाले. देवा रे.

सकाळी पट्टा बांधताना दोनदा खाली बसले होते. मी विचारलं नाही, कारण माझ्या उशीखाली तुझं कार्ड होतं आणि मी रागात होते. पत्र असंच टाकून मैदानावर जाते.

३० जानेवारी १९७८

चि. कमल,

तार पोचली असेल. तरी पहिल्यांदा तेच लिहिते: बाबा सुखरूप आहेत. आज सकाळी पेज घेतली आणि पेजेत मीठ नाही म्हणून एलियम्माला बोलले. म्हणजे बरेच आहेत.

तुला सगळं क्रमाने सांगायला हवं. अर्धवट पत्र सोबत ठेवलं आहे. त्यातल्या शिव्यासुद्धा खोडलेल्या नाहीत, कारण त्या मी मनापासून दिल्या होत्या.

मी घरच्या चपलांवरच धावत गेले. मैदानात बँड वाजत होता, शाळेची मुलं कवायत करत होती. रांगेत बाबा नव्हते. कँटीनच्या मागच्या पायरीवर बसलेले दिसले. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला, हात जांघेवर दाबलेला. मी धापा टाकत जाऊन उभी राहिले आणि जे तोंडात आलं ते ओरडले, "बाबा, राजीनामा नाही! संमती!"

"काय?"

"तो कागद. नोकरीचा नाही हो. ऑपरेशन करू द्या, एवढंच लिहिलंय त्यात. संमतीपत्र."

"मग राजीनामा का म्हणालीस?"

"इथे तसंच म्हणतात. राजी असल्याचा कागद, तो राजीनामा."

"इथे म्हणजे कुठे? तू माझ्याशी बोलत होतीस ना?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. मग ते हळूहळू म्हणाले, "आमच्या शॉपमधल्या सदाशिवला असंच तपासायला बोलावलं होतं. छातीत दुखायचं म्हणून गेला आणि अनफिटचा कागद घेऊन आला. दोन महिन्यांत क्वार्टर त्याच्या मुलाच्या नावावर, आणि सदाशिव गावाला. मला वाटलं, आपली पाळी आली. कारखान्याचं वाईट वाटलं नाही, वैजू. कागद घेऊन तू आलीस, याचं वाटलं. सतरा दिवस मी समजत होतो की माझ्या मुलीला मी जड झालो."

मी तिथे, बँडच्या आवाजात, सगळ्या कारखान्यासमोर रडले. लाज वाटली नाही. बाबा मात्र हसायला लागले. "राजी-नामा," असं दोनदा म्हणाले, आणि हसता हसता एकदम वाकले. मग दात आवळून म्हणाले, "गाठ सकाळपासून आत जात नाहीये."

नशीब एवढंच की डॉक्टर सक्सेना पाहुण्यांच्या रांगेत पुढेच बसले होते. त्यांनी पायरीवरच हात लावून पाहिलं आणि अँब्युलन्सकडे बोट दाखवलं.

थिएटरच्या दाराशी पुन्हा तोच कागद आला. मी पेन पुढे केलं. बाबांनी पेन घेतलं नाही. "आधी वाच. पहिल्या ओळीपासून." मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते हात धूत होते. म्हणाले, "पढ़ दो सिस्टर, दो मिनट हैं."

कमल, बारा वर्षांत त्या कागदावर मी किती सह्या घेतल्या असतील. तो सबंध वाचला त्या दिवशी पहिल्यांदा. एकेक ओळ मराठीत करून सांगितली. काय कापणार, कुठे शिवणार, भूल कशी देणार. एका ठिकाणी मी अडखळले. बाबा म्हणाले, "थांबलीस का?" मी म्हटलं, "इथे लिहिलंय, जिवाला धोका असू शकतो." ते म्हणाले, "तो तर सायकलवरही असतो. पुढे वाच."

संपल्यावर त्यांनी पेन घेतलं, आणि सहीच्या वर मोकळ्या जागेत आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं:

"ऑपरेशनला माझी संमती आहे. नोकरीचा राजीनामा नाही. क्वार्टर सोडणार नाही. विश्वनाथ."

रऊफ मियाँ कागद घेऊन उभे राहिले. त्यांना मराठी कळेना, पण एक शब्द ओळखीचा दिसला. मी अर्थ सांगितला तसे ते मटकन स्टुलावर बसले. "को ख़ाँ," म्हणाले, "बीस साल से राज़ीनामा बोल रिया हूँ, आज तलक किसी की नौकरी नईं गई! ओर वो मुझे दरवज्जा काय कू दिखा रिये थे, अब समझ में आया." छापील कागदावर असं काही लिहिता येत नाही असं कोणीतरी म्हणालं. डॉक्टर आतून ओरडले, "लिखने दो! मरीज़ अंदर लाओ!"

आतडं जांभळं पडायला लागलं होतं, पण गरम पाण्याच्या फडक्याने पुन्हा लाल झालं. कापावं लागलं नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर गोष्ट वेगळी होती.

आता एक कबुली. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी बाबांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्यांनी विचारलं होतं, "काय लिहिलंय यात?" आणि मी म्हणाले होते, "काही नाही हो बाबा, राजीनामा आहे, सही करा, मला अजून तीन पेशंट बघायचेत." एवढंच. त्यांनी विचारलं होतं, कमल. मी सांगितलं नाही.

आणि दुसरं. तू ते कार्ड लिहिलं नसतंस, नेहमीसारखी गप्प बसली असतीस, तर मी अजूनही प्रत्येकाला राजीनामाच मागत फिरत असते आणि बाबा त्या पायरीवर बसून राहिले असते. तुझ्या रागाने त्यांना वाचवलं. यासाठी तुझे आभार मानायचे तर मला फार जड जातं. तरी मानते.

वैजू

१२ फेब्रुवारी १९७८

चि. कमल,

बाबा घरी आले. टाके निघाले. सायकल दोन महिने बंद, म्हणून सायकलचा पट्टा मी चुलीत घातला.

वॉर्डात आमची फार थट्टा झाली. पण तुला एक सांगते, थट्टा संपल्यावर एलियम्मा गंभीरपणे म्हणाली, "सिस्टर, हम लोग बोलता है, वो लोग हाँ बोलता है. समझा कि नहीं, कौन पूछता है?" तिच्या पहिल्या वर्षी केरळहून आलेल्या एका म्हाताऱ्याने डॉक्टरांना डोक्याला हात लावून "तलकरक्कम" म्हणून सांगितलं, म्हणजे चक्कर येते, आणि त्यांनी एलियम्माला न विचारताच डोकेदुखीची गोळी दिली होती. मग मला आठवलं, मराठी बायका "कळ येते" म्हणतात आणि नवे डॉक्टर कागदावर "कल से" लिहितात. हे मी कितीदा पाहिलं आणि हसून सोडून दिलं.

आता आम्ही दोघींनी एक रीत पाडली आहे. आधी आम्ही सांगतो, आणि मग सहीच्या आधी पेशंटला म्हणतो, आता तुम्ही आम्हाला सांगा, काय होणार आहे? त्याच्या भाषेत. आपल्याला येत नसेल तर येणारा माणूस शोधून आणायचा, कँटीनमधून का होईना. डॉक्टर सक्सेना आधी वेळेच्या नावाने कुरकुरले. मग बैतूलकडच्या एका गोंड बाईचं झालं. तिच्या पित्ताशयात खडे होते. आठ दिवस ती भिंतीकडे तोंड करून रडायची, आम्हाला वाटायचं दुखतंय. तिच्याकडचा एक मजूर बोलावून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, पोट उघडतील, दगड काढतील, आणि मग मला घरी जाऊ देणार नाहीत. दाखल झाली त्या दिवशी कोणीतरी "अब घर नहीं जाना है" म्हणालं होतं, म्हणजे आज. ती कायमचं समजली होती. डॉक्टर त्यानंतर कुरकुरले नाहीत. रऊफ मियाँ मात्र अजून राज़ीनामाच म्हणतात, पण मराठी पेशंट दिसला की मोठ्याने पुढे जोडतात, "इस्तीफा नईं हे भिया, घबराना मत."

परवा तुझं पाकीट आलं. वर नाव बाबांचं. आत त्यांना चार ओळी आणि काटेरी हलव्याच्या दोन पुड्या. संक्रांत कधीच झाली, पण बाबा म्हणाले, रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो आणि तिला अजून दोन दिवस आहेत. दुसरी पुडी कोणाची ते तू लिहिलेलं नाहीस. बाबा म्हणाले, एलियम्माची असेल.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते, नाहीतर पुन्हा राहील.

आईच्या पोटात काय आहे ते मला दोन महिने आधी कळलं होतं. तिच्या कॉटशेजारी उभे राहून डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ते गेल्यावर म्हणाली, "काय म्हणाले गं?" मी म्हणाले, "काही नाही. झोप." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने वेगळं विचारलं: "कमलचं नवं घर बघून यावं म्हणते वर्ध्याला, जाऊ का आत्ता?" मी म्हणाले, पुढच्या थंडीत जाऊ. मला वाटलं, मी तिला त्रासातून वाचवते आहे. तेराव्याला तू म्हणालीस की तुम्ही दवाखान्यातले लोक माणसाला नुसतं झोपायला सांगता, आणि मी तुला घराबाहेर जायला सांगितलं. तू बरोबर होतीस. माहीत असतं तर ती तुझ्याकडे आली असती. चार दिवस का होईना, तुझ्या ओट्यावर बसली असती. ते मी तिच्याकडून घेतलं, आणि तुझ्याकडूनही. मला क्षमा कर.

एवढं लिहून झालं आणि बाबा अंगणातून आत आले. म्हणाले, "काय लिहितेस?"

जिभेवर "काही नाही" आलं होतं, कमल. अगदी आलं होतं. मग मी म्हटलं, "बसा, वाचून दाखवते." आणि हे सगळं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. आईच्या ठिकाणी मी अडखळले. बाबा पुढे वाच म्हणाले नाहीत. थांबले. मी पाणी प्यायले आणि वाचलं.

ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मलाही विचारायची ती. मलाही माहीत नव्हतं. मी म्हणायचो, वैजूला विचार, तिला कळतं." मग डोळे पुसून उठले, कपाटातून दुसरी पुडी आणली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "आता मी सांगतो ते लिही. जसंच्या तसं. मध्ये तुझा शब्द घालू नकोस."

म्हणून लिहिते:

"चि. कमल हीस बाबांचा आशीर्वाद. दुसरी पुडी वैजूची आहे असं समजून मी तिला दिली आहे. चुकलं असेल तर येऊन परत घे."